थोरल्या भावंडाचं नाव

सोमवारी सकाळी सव्वानऊला भोकरदनच्या गोदामात रामप्रसादनं रोजच्यासारखं संगणकावर आपलं नाव टाकलं, खाली पासवर्ड टाकला, आणि पडद्यावर लाल अक्षरांत ओळ आली : ही माहिती जुळत नाही. त्यानं चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला, एकेक अक्षर बोटानं दाबत पुन्हा टाकलं. पुन्हा तेच. बाहेर फाटकाशी हरभऱ्याच्या बियाण्यासाठी दोन पिकअप येऊन उभ्या होत्या आणि संगणकातून पावती निघाल्याशिवाय एकही पोतं हलणार नव्हतं. शनिवारी कंपनीनं आपली आतली यंत्रणा बदलली होती. तिचं नाव सेतू. सुट्टीचा अर्ज, साठ्याची नोंद, पगाराची चिठ्ठी, सगळं त्या सेतूवरून जायचं. बदलाची सूचना आली होती, पण ती त्यानं नीट वाचली नव्हती. पस्तीस वर्षं एकाच बियाणं कंपनीत काढलेला माणूस तो. वडीगोद्रीला लागला, मग अंबडला गेला, मग इथं आला, आणि आणखी पाच महिन्यांनी घरी बसणार होता. चौथ्यांदा चुकल्यावर पान बदललं. तुमचं खातं सुरक्षेसाठी बंद केलं आहे, असं वर लिहिलेलं, आणि खाली : पुढे जाण्यासाठी तुम्ही निवडलेल्या गुप्त प्रश्नाचं उत्तर द्या. तुमच्या थोरल्या भावंडाचं नाव काय? आणि एक रिकामी चौकट, जिच्यात एक बारीक उभी रेघ लुकलुकत होती. रामप्रसादला वाटलं, हे लिहिलेलं नाही. हे कुणीतरी विचारतंय.

त्यानं जालन्याला मुख्य कचेरीत फोन लावला. हेल्पडेस्कवर नेहल नावाची पोरगी होती. जालन्यातल्या जुन्या मारवाडी घरातली, आवाज गोड, बोलण्यात घाई. "काका, बिलकुल टेन्शन घेऊ नका. आज सकाळपासून पन्नास लोकांचं हेच चाललंय. प्रश्न दिसतोय ना? त्याचं उत्तर टाका, लगेच उघडेल."

"उत्तर ध्यानात न्हाई ताई."

"असं कसं काका? मोठ्या भावाबहिणीचं नाव कोणी विसरतं का?" ती हसली. "कॉम्प्युटर आले तेव्हा तुम्ही स्वतःच भरलंय. चौदा वर्षं झाली. आठवून बघा. तीन चान्स आहेत."

रामप्रसादला थोरलं भावंड नव्हतं. रामप्रसाद स्वतःच थोरला. मग हा प्रश्न त्यानं निवडलाच कशाला? चौदा वर्षांपूर्वीची ती दुपार त्यानं आठवून पाहिली. जालन्याहून एक शिकवणारा आला होता, सगळ्यांना ओळीनं बसवून इंग्रजी अक्षरांत माहिती भरायला लावत होता, बाहेर कापसाच्या पाकिटांचे खोके उतरत होते. खुर्ची आठवली, कीबोर्डवरचं प्लास्टिक आठवलं. पण त्या खुर्चीत बसून बोटं काय दाबत होती, ते आठवेना. जणू तेवढा वेळ तो उठून बाहेर गेला होता आणि त्याच्या जागी दुसरंच कुणी बसलं होतं. त्यानं 'नाही' असं टाकलं. चूक. मग, हात थोडा थांबला, पण त्यानं 'कचरू' टाकलं. चूक. ते नाव पडद्यावर क्षणभर नुसती टिंबं होऊन राहिलं होतं, तरी त्यानं मागं वळून पाहिलं. हमाल पोत्यांवर बसून तंबाखू मळत होते. तिसरं उत्तर त्याला माहीत होतं. ते टाकायची हिंमत झाली नाही.

"राहू द्या काका," नेहल म्हणाली. "तिसरं चुकलं तर अजून लफडं. गाड्यांच्या पावत्या मी इथून काढून देते. तुम्ही उद्या जालन्याला या. ओरिजिनल सर्टिफिकेट आणि आधार घेऊन या. तुमची जुनी फाइल आम्ही स्कॅन केलीय, तिच्यातल्या फोटोशी चेहरा मॅच करायचा, बस. पाच मिनिटांचं काम."

"कोणत्या फोटोशी?"

"तुमच्याच, काका. नोकरीच्या अर्जावर लावलेला असतो ना, तो."

फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की तो डाव्या अंगठ्याच्या मुळाशी असलेला विळ्याचा जुना व्रण दुसऱ्या हातानं चोळत बसला होता. हा व्रण त्याच्या नोकरीच्या कागदावर ओळखखूण म्हणून लिहिलेला होता. पण लिहिला तेव्हा तो त्याच्या हातावर नव्हता. तो थोरल्याच्या हातावर होता. वडीगोद्रीच्या कारकुनानं मान वर न करता विचारलं होतं, खूण सांगा, आणि त्यानं थोरल्याची खूण सांगितली होती, कारण आता सगळं थोरल्याचंच सांगायचं होतं. त्यानंतर महिनाभर तो डाव्या हाताची मूठ वळून हिंडला. मग कंपनीच्या प्लॉटवर बाजरी काढताना एका दुपारी विळा सटकला आणि बरोबर तिथं, तेवढाच, तसाच लागला. त्यानं मुद्दाम केलं नव्हतं. रक्त मातीत टपटपत होतं आणि त्याला एकच वाटत होतं, की कुणीतरी हात धरून नेम धरला. आता कितीतरी वर्षं झाली. कधीकधी त्याला नीट सांगता यायचं नाही, की शेताच्या वस्तीवर लहानपणी विळा लागला आणि आईनं हळद दाबली तो हात कुणाचा होता. हळदीची जळजळ तर त्याला आठवायची.

त्या रात्री त्याला झोप अशी लागलीच नाही. सकाळी सहाच्या बसनं तो निघाला. घरात म्हातारी आई, तुळजाबाई, तेवढी होती. बायको सुरेखा लेकीच्या बाळंतपणाला संभाजीनगरला गेली होती. सुरेखाला काही माहीत नव्हतं. सव्वीस वर्षं एका माणसाशी संसार केला, आणि त्याचं नाव तिला माहीत नव्हतं. बसच्या काचेतून सकाळ पिवळी पिवळी येत होती आणि त्या पिवळ्यानं त्याला ते डोळे आठवले. थोरला रामप्रसाद कृषी पदविका पास झाला होता. घराण्यात पहिलाच. धाकटा कचरू नववीत दोनदा बसून शाळा सोडून औत हाकत होता. त्याच्या आधीचं एक लेकरू जगलं नव्हतं, म्हणून धाकट्याचं नाव कचरू ठेवलेलं, मरणानं त्याच्याकडं ढुंकून पाहू नये म्हणून. त्या उन्हाळ्यात थोरल्याला कावीळ झाली. उसाचा रस झाला, झाडपाल्याचं औषध झालं, आणि डोळे हळदीसारखे झाल्यावर वडिलांनी, अण्णांनी, त्याला जालन्याच्या दवाखान्यात आणलं. अण्णांच्या बंडीच्या खिशात दोन दिवसांपूर्वी आलेलं कंपनीचं पत्र होतं. रुजू व्हायचं पत्र. दवाखान्याच्या खिडकीशी नाव विचारलं. अण्णांनी मागं वळून दोन्ही लेकांकडं पाहिलं. एक बाकावर आडवा, एक त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला. अण्णा म्हणाले, "कचरू." त्याला वाटलं, अण्णा हाक मारतायत. तो "ओ" म्हणून उठायला गेला. अण्णांनी डोळ्यांनीच बसवलं. अण्णांनी तेव्हाच सगळं मनात ठरवलं होतं, की ते तोंडातून निसटलं आणि मग तेच ठरलं, हे त्यांनी मरेपर्यंत सांगितलं नाही.

तीन दिवस नर्स यायची आणि विचारायची, कचरू कोण? कचरू, औषध घ्यायचंय. आणि खाटेवरचा थोरला म्हणायचा, "ओ." पहिल्या वेळी त्यानं धाकट्याकडं पाहिलं, थोडा वेळ पाहिलं, आणि मग ओ दिली. अगदी सहज दिली. आपल्या नावाला दुसऱ्यानं ओ देताना ऐकणं काय असतं, हे त्याला कुणाला कधी सांगता आलं नाही. आतून काहीतरी काढून नेल्यासारखं, आणि दुखत मात्र नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी थोरला शुद्धीवर होता. म्हणाला, "तारीख अठरा हाये. ध्यानात ठेव. सही माझी 'रा' मोठी काढून असती, पाह्यली ना तू?" एवढंच. संध्याकाळी कचरू गेला. दवाखान्याच्या कागदावर कचरू गेला, वय एकोणीस लिहिलेलं, जळाला बाविशीतला. बापलेकांनी तिथंच जालन्यात सगळं उरकलं. अण्णा एकटे वस्तीवर परतले आणि धाकटा गेला म्हणून सांगितलं. आणि तो, जो कोण होता तो, थोरल्याची पिशवी घेऊन अठरा तारखेला वडीगोद्रीला रुजू झाला. वस्तीवर तो पुन्हा कधी गेला नाही. घरातले थोरल्याचे दोन फोटो अण्णांनी चुलीत घातले. त्यालाही थोरल्याचा चेहरा हळूहळू दिसेनासा झाला. आरशात पाहिलं की तेवढा दिसायचा.

सहा महिन्यांनी अण्णा आईला घेऊन वडीगोद्रीच्या खोलीवर आले. आईनं गावात धाकट्याचं सगळं सुतक पाळलं होतं, तेरावा केला होता. ती दारात उभी राहिली. समोर धाकटा. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, अण्णांकडं पाहिलं, परत त्याच्याकडं. त्याला वाटलं, आता ही ओरडेल, नाहीतर मला पोटाशी धरेल. ती म्हणाली, "जेवलास का रे?" आणि आत येऊन चूल पेटवायला बसली. त्या दिवसापासून आजतागायत तिनं त्याला कुठल्याच नावानं हाक मारली नाही. अरे म्हणायची. सुरेखाशी बोलताना तुझा नवरा, नातीशी बोलताना तुझा बाप. लोकांना वाटायचं, म्हातारीची काहीतरी रीत असेल. त्यानं कधी विचारलं नाही. तिनं कधी सांगितलं नाही.

मुख्य कचेरीत नेहलची खोली गार होती. पंचविशीची पोरगी, टेबलावर डबा, भिंतीला वायरींचे गुंडाळे. "या काका, बसा. सर्टिफिकेट दाखवा. आधार. बराबर. आता इथं बघा, हलू नका, डोळे उघडे ठेवा." त्याच्यासमोर छोटा कॅमेरा होता आणि पडदा अर्धा तिच्याकडं, अर्धा त्याच्याकडं वळवलेला. रात्रभर त्यानं हाच क्षण मनात काढला होता. लाल ओळ येईल. ती पोरगी साहेबांना बोलावेल. पस्तीस वर्षं तो ह्याच ओळीची वाट पाहत होता, प्रत्येक बदलीच्या वेळी, प्रत्येक नव्या साहेबापुढं, लग्नपत्रिकेत चि. रामप्रसाद छापून आलं तेव्हा, लेकीच्या शाळेत वडिलांचं नाव लिहिताना. आता ती येणार म्हटल्यावर भीतीच्या तळाशी काहीतरी हलकं हलकं होतं, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटत होती.

पडद्याच्या डाव्या बाजूला फोटो उमटला. पिवळट पडलेला, कोपऱ्यावर शिक्का. जालन्याच्या स्टुडिओत काढलेला. बावीस वर्षांचा थोरला, केस पाण्यानं बसवलेले, हसू दाबून धरलेलं. अंगात चौकडीचा शर्ट. तो शर्ट धाकट्याचा होता, फोटोसाठी मागून नेलेला. उजव्या बाजूला त्याचा स्वतःचा चेहरा, पांढऱ्या मिशा, गालफडं बसलेली. दोन चेहऱ्यांवर हिरवे ठिपके फिरू लागले. डोळ्यावरून डोळ्यावर, नाकावरून नाकावर, हनुवटीवरून हनुवटीवर बारीक रेघा ओढल्या गेल्या. थोरला एकटक त्याच्याकडं पाहत होता. त्याला वाटलं, रेघा तिकडून इकडं येतायत. मग सगळं थांबलं. हिरवी चौकट आली. ओळख पटली. चौऱ्याण्णव टक्के.

"झालं!" नेहल म्हणाली. "काका, तुम्ही तर बदललाच नाही. लोकांचं सत्तरच्या वर जात नाही."

तो फोटोकडंच पाहत होता. आपण बोलतोय हे त्याला आवाज ऐकू आल्यावर कळलं. "ताई, हा मी न्हाई."

"सगळे हेच म्हणतात," ती हसत कीबोर्ड वाजवत राहिली. "जुना फोटो कोणालाच आपला वाटत नाही."

"न्हाई, खरंच. हा माझा थोरला भाऊ हाये. काविळीनं गेल्ता. त्याच्या जागी मी लागलो. माझं नाव कचरू."

तिची बोटं थांबली. तिनं त्याच्याकडं पाहिलं, मग पडद्याकडं, मग टेबलावरच्या आधार कार्डाकडं. हळूच विचारलं, "काका, सकाळी काही खाल्लं होतं का तुम्ही? शुगर आहे का?" तिनं बाटली पुढं केली. "पाणी घ्या. माझ्या दादाजींना पण व्हायचं असं, उपाशीपोटी. सिस्टिम बराबर सांगतेय बघा. आधार तेच, सर्टिफिकेट तेच, खूण तीच." तिनं त्याच्या अंगठ्याकडं बोट केलं. तिच्या आवाजात माया होती. खोटं काहीच नव्हतं. तो पाणी प्याला. कचरू असल्याचा कागद दाखवायला त्याच्याजवळ नव्हता. कचरूचा जगात एकच कागद होता, आणि तो कचरू मेल्याचा होता. आता कुणी धरणार नाही. कधीच कुणी धरणार नाही. पस्तीस वर्षं ज्याची भीती बाळगली ते नव्हतंच, आणि त्या जागी जे होतं त्याला हात लावावासा वाटेना.

"जुनं उत्तर काढून नवं टाकायचं आता," नेहल समजुतीच्या स्वरात म्हणाली. पडद्यावर तोच प्रश्न आला आणि चौकटीत टिंबं. "हे तुमचं जुनं उत्तर. आम्हाला पण दिसत नाही, नुसती टिंबं." त्यानं टिंबं मोजली. नऊ. कचरू इंग्रजीत सहा अक्षरांत होतं, ते तो काल टाकून बसला होता. त्यानं बोटांवर थोरल्याचं नाव इंग्रजीत मोजलं, एकेक अक्षर. नऊ. तिसरं उत्तर तेच होतं. म्हणजे चौदा वर्षांपूर्वी, त्या खुर्चीत, थोरल्या भावाचं नाव विचारल्यावर रामप्रसाद असं लिहिणारा माणूस बसला होता. रामप्रसादचा धाकटा भाऊ. तेव्हापर्यंत तरी होता. तो तिथं येऊन, खरं ते लिहून, कुणाला न सांगता उठून गेला होता.

"तेच टाकता येतंय का?" त्यानं विचारलं.

"काय होतं?"

"रामप्रसाद."

"काका, ते तर तुमचंच नाव. नवी सिस्टिम स्वतःचं नाव घेत नाही." तिनं टाकून दाखवलं. लाल ओळ आली. "दुसरं काहीपण टाका. खरंच पाहिजे असं नाही, लक्षात राहिलं म्हणजे झालं. मी तिकडं बघते." ती खुर्ची फिरवून भिंतीकडं तोंड करून बसली. त्यानं सहा अक्षरं दाबली. सेतूनं ती घेतली. कचरू थोरला झाला. स्वागत आहे, रामप्रसाद, असं पडद्यावर आलं, आणि नेहलनं त्याला खाली फाटकापर्यंत सोडायला माणूस देऊ का म्हणून दोनदा विचारलं.

दुपारी साडेतीनला तो भोकरदनला उतरला. गोदामाकडं गेला नाही. घरी आला तेव्हा दार उघडं होतं आणि उन्हाचा पट्टा खाटेच्या पायापर्यंत गेला होता. तुळजाबाई खाटेवर बसून तूर निवडत होती. दोन वर्षांपासून तिला नुसता उजेड-अंधार तेवढा कळायचा, तरी बोटांनी खडे बरोबर सापडायचे. दारात सावली पडली तसं तिनं मान वर केली.

"कोन हाये?"

रोज ती हे विचारायची आणि रोज तो म्हणायचा, मी हाये आई. आज तो उंबऱ्यातच थांबला.

"आई, मी कचरू."

तिची बोटं तुरीत तशीच राहिली. मग तिनं सूप हळूच बाजूला सरकवलं, अंगावरचा पदर नीट केला, आणि खाटेवर जागा करून हातानं थोपटलं. तो जाऊन बसला. तिनं चाचपत त्याचा चेहरा धरला, कपाळ, भुवया, कानाच्या पाळ्या, एखादं हरवलेलं भांडं सापडल्यावर चेमटलंय का पाहावं तसं. आवाज साधा होता.

"आन् थोरला?"

"त्यो गेला, आई."

"कवा?"

"लई साल झाले. दवाखान्यातच गेल्ता. मी जवळ होतो."

"काई बोलला का?"

"रुजू व्हायची तारीख सांगून राह्यला होता."

तिनं मान हलवली, जणू हे तिला पटलं. मग तिच्या छातीतून आवाज निघाला. आधी बारीक, दळताना निघतो तसा, मग वाढत गेला आणि घरात मावेना. माझा रामप्रसाद, माझा राजा, कुठं टाकून गेलास रे मला, असं ती ताज्या मढ्यापाशी बसल्यासारखी, छाती पिटत, एकेक त्याची सय काढत रडू लागली. पस्तीस वर्षं तोंडात धरून ठेवलेलं नाव ती दर श्वासाला घेत होती. कचरू तिला धरून बसला होता. त्याच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते कुणाचं आहे हा प्रश्न त्याला पडला नाही.

शेजारची नंदाबाई पिठाचे हात तसेच घेऊन पळत आली. वीस वर्षांपासूनची शेजारीण. खाटेवर म्हातारी आणि तिला धरून बसलेला तो, एवढं तिला उंबऱ्यातून दिसलं.

"अगं बया, काय झालं? कोन गेलं वं?"

म्हातारी काही ऐकण्याच्या पलीकडं होती. त्यानं तोंड पुसलं आणि वर पाहिलं.

"रामप्रसाद गेला," तो म्हणाला.

नंदाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. मग पाठ न वळवता, दाराची चौकट हातानं चाचपत, ती एक पाऊल मागं अंगणात उतरली.